पुस्तकाचा खांब होतो, तुळई होत नाही

प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या मागे दोन-अडीचशे पुस्तकं उरली आहेत. त्यांत एका ज्ञानकोशाचे बारा जाडजूड खंड, न्यायालयीन निवाड्यांचे जुने बांधीव अंक, बऱ्याच कादंबऱ्या आणि वाळवीने खाल्लेला एक गठ्ठा. ग्रंथालयांनी घ्यायला नकार दिला. यातून पलंगाशेजारचं लहान टेबल, एक दिवा आणि भिंतीवर एखादं शेल्फ करायचं आहे. पुस्तकं एकावर एक चिकटवली की पुरेल का, किती टिकेल, आणि मुळात ती कापावीत का?

मी आधी पुस्तकबांधणी शिकलो आणि सुतारकाम नंतर, त्यामुळे दोन्हीकडून सांगू शकतो. सुतार पुस्तकाकडे लाकडाचा ठोकळा म्हणून बघतो आणि तिथेच फसतो. पुस्तक म्हणजे चार-पाचशे सुट्या पानांची गड्डी, आणि तिची एकच बाजू बांधलेली. वरून दाबा, ती वाटेल तेवढं वजन पेलते. वाकवा, पिळा, ओढा, की ती उघडते. उघडावी म्हणूनच तर ती बांधलेली असते. त्यामुळे टेबल असो, दिवा असो वा शेल्फ, मी एकच बघतो: पुस्तकावर फक्त दाब येतोय ना? बाकीचे सगळे ताण लाकडाने किंवा लोखंडाने घ्यायचे.

टेबलापासूनच सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. तुमचे खंड साधारण २२ सेंमी रुंद, २८ सेंमी उंच आणि ४ सेंमी जाड असतील असं धरतो. चित्रं असलेल्या ज्ञानकोशाचा कागद गुळगुळीत आणि जड असतो, एक खंड सहज अडीच किलो भरतो. बारा आडवे रचले की ४८ सेंमी उंची आणि ३० किलो वजन. त्यावर ७० किलोचा माणूस बसला तरी त्याच्या वजनाने दर चौरस सेंटिमीटरला ११५ ग्रॅमसुद्धा दाब येत नाही, म्हणजे कागदाला ते जाणवतही नाही. तेव्हा ताकदीची काळजी सोडा. काळजी करायची ती कलंडण्याची. या २२ सेंमी रुंद खांबावर ५० सेंमी व्यासाची गोल फळी ठेवलीत, तर फळीच्या कडेवर साधारण २४ किलोंचा भार पडला की टेबल उलटतं. पलंगावरून उठताना माणूस हाताने एवढा जोर सहज देतो. याच खांबाखाली ३६ सेंमी रुंदीची तळफळी बसवा, मग उलटायला ७५ किलोंच्या वर भार लागतो. तळफळी दिसायला नको म्हणून लोक ती खांबाएवढीच ठेवतात. तेवढं सौंदर्य महागात पडतं. लहान मूल असलेल्या घरात तर मी तळफळीशिवाय टेबल करूनच देत नाही.

आता चिकटवण्याबद्दल. पुठ्ठ्याला पुठ्ठा पांढऱ्या डिंकाने चिकटवला तर तो जोड उत्तम धरतो. तुटतं ते भलतीकडेच. बांधीव पुस्तकात वरचा पुठ्ठा आणि आतली पानं यांना जोडणारी गोष्ट म्हणजे कापडाची एक पट्टी आणि पुठ्ठ्याला डकवलेलं एक कोरं पान. कोणी टेबल वरच्या फळीला धरून उचललं की खालच्या पुस्तकांचं सगळं वजन त्या एका पानावर लटकतं. फाटल्याचा आवाज फारसा येत नाही, एक हलकी चरचर होते आणि खालची आठ पुस्तकं जमिनीवर राहतात. माझ्या हातात एकदा टेबलाचा वरचा तिसरा हिस्सा राहिला होता, समोर गिऱ्हाईक उभं.

म्हणून सळई. तळफळीपासून वरच्या फळीपर्यंत १० मिमी जाडीच्या, पूर्ण लांबीभर आटे असलेल्या दोन सळया घाला, दोन्ही टोकांना रुंद वॉशर आणि नट. एकाच सळईवर भागवू नका, पुस्तकं तिच्याभोवती फिरतात आणि महिन्याभरात खांबाला पीळ पडलेला दिसतो. तळफळीत नट बुडेल एवढा खळगा करा म्हणजे जमिनीवर ओरखडे येणार नाहीत. खालून लाकडाची किंवा रबराची चार बुटकी पावलं लावा, कारण फरशी पुसताना पाणी सर्वांत आधी खालच्या पुस्तकात शिरतं.

भोक पाडणं हा या कामाचा खरा कस आहे. सगळा गठ्ठा एकदम भोकसायच्या फंदात पडू नका, ड्रिलचं बिट तिरकं जातं आणि खाली पोचेपर्यंत बोटभर सरकलेलं असतं. एकेक पुस्तक घ्या. जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापा, त्यावर दोन भोकं मध्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर आखा. हे महत्त्वाचं आहे, कारण खांब रचताना एका पुस्तकाचा कणा डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे असा आळीपाळीने ठेवावा लागतो. शिवणीच्या दोऱ्यामुळे कण्याची बाजू किंचित फुगीर असते. सगळे कणे एकीकडे ठेवले तर बाराव्या पुस्तकापर्यंत खांब पिसाच्या मनोऱ्यासारखा झुकतो. भोकं मध्यापासून सारख्या अंतरावर असली की पुस्तक उलटं फिरवलं तरी ती जुळतात. कण्यापासून चार सेंमीच्या आत मात्र भोक घेऊ नका, शिवण तुटेल.

पुस्तक दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये ठेवून दोन-तीन शिकंज्यांनी करकचून आवळा. खालचा तुकडा जाड हवा, नाहीतर शेवटची वीस पानं कापली न जाता फाटून बाहेर येतात. लाकडाला भोक पाडायचं, मध्ये टोक असलेलं बिट घ्या, १२ मिमीचं, म्हणजे १० मिमीच्या सळईला थोडी मोकळीक राहते. वेग कमी ठेवा. दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढा. त्याच्या खाचांमध्ये कागदाचा भुसा इतका घट्ट बसलेला असतो की खिळ्याने उकरून काढावा लागतो. तो तसाच ठेवून दाबत राहिलात तर बिट कापत नाही, नुसतं घासतं. आधी करपल्याचा वास येतो, मग भोकाची कड तपकिरी होते. वास आला की थांबा आणि बिट गार होऊ द्या. एका जाड खंडाला मला दोन भोकांसह वीस मिनिटं लागतात. बारा खंड म्हणजे एका दिवसाचं काम.

भोकं पाडण्याआधी सगळा गठ्ठा दोन आठवडे वजनाखाली ठेवायला विसरू नका. कागद बसतो. शिवाय हवेतला ओलावा घेऊन तो फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो, तेही जाडीच्या दिशेने जास्त. माझं पहिलं टेबल मी दमट दिवसांत आवळलं होतं. अगदी खणखणीत झालं होतं. हवा कोरडी झाल्यावर एके सकाळी वरची फळी टेकल्याबरोबर डुगडुगली, खाली वाकून बघितलं तर नट बोटांनी फिरत होता. टेबल मोडलं नव्हतं, कागदच काही मिलिमीटर खाली गेला होता. त्यामुळे एक तरी नट असा ठेवा की टेबल न उलटता त्याला पाना लावता येईल. वरच्या फळीत खळगा करून त्यावर काढता येणारं लाकडी बूच बसवतात, ते मला सर्वांत सोयीचं वाटतं.

भोकं पाडायला हात धजत नसेल तर आणखी एक रस्ता आहे, आणि तुमच्या प्रश्नाचा सूर बघता कदाचित तोच तुमचा आहे. तळफळी आणि वरची फळी यांच्याभोवती दोन रुंद चामडी पट्टे उभे गुंडाळून बकलने आवळायचे. पुस्तकांना ओरखडाही येत नाही. हवी तेव्हा बकल सोडा, सातवा खंड काढा, वाचा, परत ठेवा. सळईएवढं घट्ट होत नाही आणि सरकवताना थोडं जपावं लागतं, पण पलंगाशेजारी एका जागी उभ्या राहणाऱ्या टेबलाला पुरतं.

आता कापावं की नाही याबद्दल. एका वापरातून दुसऱ्या वापरात पुस्तक जाणं ही काही आजची टूम नाही. युरोपातले जुने बांधणीकार निकामी झालेल्या चर्मपत्री हस्तलिखितांच्या पट्ट्या कापून नव्या पुस्तकांच्या कण्यात भरत, आणि आज संशोधक त्याच कण्यांमधून हरवलेल्या मजकुराचे तुकडे शोधतात. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक प्रत १२२९ मध्ये कोणी खरवडून, पानं दुमडून, त्यावर प्रार्थना लिहून काढल्या. पुसलेला मजकूर आर्किमिडीजचा आहे हे १९०६ मध्ये हायबर्ग या अभ्यासकाने ओळखलं. खरवडणाऱ्याच्या दृष्टीने ते रद्दी चामडंच होतं. दुसऱ्या टोकाला, २००३ मध्ये इंग्लंडमध्ये एम-सिक्स टोल रस्ता बांधताना सुमारे २५ लाख प्रेमकथांचा लगदा डांबराच्या थरात मिसळला गेला, आणि त्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. जे पुस्तक दुसरीकडे सहज मिळतं आणि ज्यातली माहिती शिळी झाली आहे, ते कापायला हरकत नाही: जुन्या आवृत्तीचे ज्ञानकोश, निवाड्यांचे अंक, करांची मार्गदर्शकं, संगणकाची वीस वर्षांपूर्वीची पुस्तकं, जोडी तुटलेले खंड. दुर्मीळ आवृत्ती, एखाद्या छोट्या छापखान्याचं काम, हाताने रंगवलेली चित्रं किंवा नकाशे, समासात कोणाच्या हस्ताक्षरातल्या नोंदी, यांना कटर लावायचा नाही. शंका असेल तर वर्ल्डकॅटसारख्या ग्रंथालयांच्या सामाईक सूचीत नाव टाकून बघा, किती ठिकाणी प्रत आहे ते कळतं. आणि प्रत्येक पुस्तक, होय प्रत्येक, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकदा अंगठ्याखालून सोडा. मला आतापर्यंत वाळलेली पानं, पावत्या, एक न टाकलेलं पत्र आणि एका निवाड्यांच्या अंकात पेन्सिलीने काढलेला झोपलेल्या मांजराचा चेहरा सापडला आहे. तो अंक मी कापला नाही.

वाळवीचा गठ्ठा आधी घरातून बाहेर काढा. त्यातलं फर्निचर करू नका, आतून पोकळ झालेला कागद दाबालाही टिकत नाही. उरलेल्या पुस्तकांत कसर किंवा भुंग्यांच्या अळ्यांची बारीक भोकं दिसली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून खोल गोठवणाऱ्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना किंवा त्याहून खाली, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि कीड गेली पण बुरशी आली असं होतं. कुबट वास आणि बोटाला लागणारी ओलसर बुरशी असेल तर ते पुस्तक झोपायच्या खोलीत नकोच.

एक इशारा थोडा विस्ताराने देतो, कारण तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, विशेषतः १८४० ते १८६० च्या दशकांत, इंग्लंड-अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांचं चमकदार हिरवं बांधणीचं कापड कधीकधी पाचूहिरव्या रंगाचं असे, आणि त्या रंगात तांबं आणि आर्सेनिक हे विष असतं. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ मध्ये डेलावेअर विद्यापीठाबरोबर अशा बांधण्या शोधायला सुरुवात केली आणि बऱ्याच सापडल्या. रंग कापडावरून सुटतो, बोटांना लागतो. असं पुस्तक हाती आलं तर ते घासू नका, कापू नका, त्याला भोक पाडू नका. बंद पिशवीत ठेवा आणि हात धुवा. आजोबांच्या संग्रहात एवढं जुनं काही असण्याची शक्यता कमी, पण बाजारातून सजावटीसाठी जुनी विलायती पुस्तकं गठ्ठ्याने घेणाऱ्यांनी हिरव्या रंगावर भाळू नये.

दिवा करणार असाल तर दोनच गोष्टींवर मी अडून बसतो. बल्ब एलईडीच हवा. जुन्या तारेच्या बल्बची काच शंभर अंशांच्या वर सहज जाते, आणि कागद पेट घेण्याच्या कितीतरी आधीपासून, रोज थोडाथोडा, पिवळा आणि ठिसूळ होत राहतो. दुसरं, वायर थेट पुस्तकांच्या भोकातून न नेता आट्यांच्या पोकळ धातूच्या नळीतून न्या. नळी तीच सळईचं काम करते, वर तिच्यावर होल्डर बसतो, तळाशी वायर बाहेर पडते तिथे रबराची बांगडी घाला. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि धातूच्या नळीला अर्थिंग द्यायला सांगा. दिव्याला चार-पाच पुस्तकं बास. त्याहून उंच केलात तर तो टेबलावरून पडायची वाट बघत असतो.

शेल्फ म्हणजे ते तरंगणारं, ज्यात लोखंडी काटकोनी पट्टी पुस्तकाखाली दडलेली असते. खालचं पुस्तक त्या पट्टीवर पडतं, शेवटच्या काही पानांत पट्टीच्या आकाराचा आणि जाडीचा खळगा कापायचा, पट्टी त्यात बसवून वॉशरसकट दोन स्क्रूने पानांना धरायची आणि मागचा पुठ्ठा तिच्यावर डकवायचा. भिंतीवरचा उभा पाय वर ठेवलेल्या पुस्तकांमागे लपतो. पट्टीचा आडवा पाय पुस्तकाच्या रुंदीच्या निदान दोन तृतीयांश हवा. आखूड पट्टीवर पुस्तकाची कड महिन्या-दोन महिन्यांत मान टाकते, कारण इथे तुम्ही पुस्तकाला तुळई बनवलेलं असतं. कणा खोलीकडे ठेवा, तोच ताठ असतो. मऊ कव्हराचं पुस्तक यासाठी घेऊच नका.

पानांच्या कडा उघड्या राहिल्या तर धूळ धरतात. पुस्तक शिकंज्यात आवळलेलं असतानाच तिन्ही कडांवर पांढरा डिंक थोडं पाणी घालून ब्रशने पातळ पसरवा, वाळू द्या, पुन्हा एकदा. दाबाखाली तो जेमतेम मिलिमीटरभर आत जातो आणि कड एकसंध होते. सैल पुस्तकाला लावलात तर पाणी आत शिरतं आणि पानं लाटांसारखी उठतात, त्या लाटा मग कधीच बसत नाहीत.

वर पॉलिश लावायचं तर आधी फालतू पानावर थेंब टाकून बघा. तेलाच्या वॉर्निशने स्वस्त कागद तेलकट पुरीसारखा पारदर्शक होतो आणि मागच्या पानाची उलटी अक्षरं पुढे येतात. पाण्याच्या वॉर्निशने पान सुरकुततं. मी आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे दोन पातळ हात देतो, ते लगेच वाळतात आणि कागद वळत नाही. त्याच्यावर मग पाण्याचं वॉर्निश निर्धास्त लावता येतं. आणि उन्हात काही ठेवू नका. लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन असतं, उजेडाने ते पिवळं पडतं, वरून कितीही पॉलिश मारलं तरी.

पुस्तक पोखरून त्यात कुंडी करायची कल्पना सगळीकडे दिसते. ओली माती आणि कागद, यावर मला काही म्हणायचं नाही.

भिंतभर पुस्तकं दिसावीत एवढीच हौस असेल तर आख्खी पुस्तकं लागतच नाहीत. चार्ल्स डिकन्सने १८५१ च्या सुमारास घरातल्या अभ्यासिकेसाठी नुसते खोटे कणे बांधून घेतले होते, त्यांवर स्वतः रचलेली चेष्टेखोर नावं. वाळवीच्या गठ्ठ्यातले धड असलेले पुठ्ठे आणि कणे असे वाचवता येतील. पुठ्ठा आणि कणा यांच्यामधल्या सांध्याच्या खोबणीतून धारदार कटर फिरवला की पुठ्ठे अलगद सुटतात. झटकून, गोठवून, प्लायवर डकवलेत तर पलंगाच्या उशाची सुरेख फळी होते, वजनाला हलकी.

निवाड्यांच्या अंकांपैकी एक पोखरून डबा करा. कडा डिंकाने बंद करून वजनाखाली रात्रभर ठेवा, पहिली दोन पानं सोडा, चहूकडे दोन सेंमी काठ राखा आणि लोखंडी पट्टी धरून एका वेळी वीस-पंचवीस पानंच कापा. पातं दर पन्नास पानांना बदला, बोथट पातं कोपऱ्यात पानं चुरगाळतं. तो डबा टेबलावर ठेवा आणि नट आवळायचा पाना त्यात ठेवून द्या, हवा बदलली की लागेल.